कॉबवेबमधला ‘कॉब’

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर अर्णवने विचारलं, कोळ्याच्या जुन्या जाळ्याला इंग्रजीत कॉबवेब म्हणतात, त्यातला ‘कॉब’ म्हणजे मक्याचं कणीस का? फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

कणसाशी त्याचा संबंध नाही. तिथल्या डॅनिश शाळेत तो कोळ्याला काय म्हणतो? एडरकॉप. जुन्या इंग्रजीत कोळ्याला आटरकॉप म्हणत; दोन्ही एकाच घराण्यातले शब्द. आटर म्हणजे विष आणि कॉप म्हणजे बहुधा डोकं. कोळ्याची लोकांना तेव्हा किती धास्ती असेल बघ! पुढे नुसतं कॉप राहिलं, त्याने विणलेलं ते कॉपवेब, आणि बोलता बोलता ‘प’चा ‘ब’ झाला. स्पायडर हे नाव सूत काततो म्हणून पडलेलं. ते सगळीकडे रुळलं आणि आटरकॉप उत्तर इंग्लंडच्या बोलींपुरता उरला. प्रमाण इंग्रजीतून हा जुना कोळी गेला, पण स्वतःच्याच जाळ्यात अडकून राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वापरताना मात्र त्याला फरक नीट सांग. बागेत दवाने भिजलेलं, मधोमध कोळी बसलेलं, ते स्पायडर्स वेब. माळ्यावर धूळ खात लोंबतं ते कॉबवेब, म्हणजे आपलं जळमट. दसऱ्याच्या आधी तुझी आजी डोक्याला पदर गुंडाळून, बांबूला केरसुणी बांधून काढायची ना, तेच. आपण मनातली जळमटं झटकतो, इंग्रज ती वाऱ्यावर उडवून यायला बाहेर फिरायला जातात.

आता थोडं तुझ्यासाठी. 1934 साली निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाने बाजारभावाच्या चढउताराबद्दलच्या एका सिद्धांताला ‘कॉबवेब थिअरम’ हे नाव दिलं. आपल्या कांद्याचंच घे. यंदा भाव चढला की जो तो कांदा लावतो. पीक हाती येईस्तोवर बाजारात आवक इतकी होते की भाव कोसळतो. हात पोळलेले शेतकरी पुढच्या वेळी लागवड कमी करतात, की भाव पुन्हा वर. लासलगावच्या बाजारात माल नेणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. भाव आणि आवक कागदावर मांडून रेघा जोडत गेलं की चौकोनी वळणं घेत जाळं तयार होतं. एक आकृती काढून सोबत ठेवली आहे. भाव उभ्या रेघेवर आहे, आवक आडव्या.

तुझा,
बाबा