माळ्यावरचा रेडिओ

फेल्टम, लंडन
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेले तीन रविवार फोन लावला की बाबा, तुम्ही ‘बरं आहे ना सगळं?’ एवढंच विचारता आणि फोन आईच्या हातात देता. नातवाचं नाव निघालं की गप्प होता. तुम्हाला रात्री झोप लागत नाही असं आई सांगत होती. म्हणून आज फोन न करता पत्र लिहायला बसले. पत्र तुम्ही दोनदा वाचता, हे मला ठाऊक आहे.

थोरल्याने कॉलेज सोडायचं काढलं तेव्हा मलाही धस्स झालं. इंजिनिअरिंगची दोन वर्षं झालेली, एकच उरलेलं, आणि हा म्हणतो बँडमध्ये गिटार वाजवणार, सिनेमात मिळतील ती लहानसहान कामं करणार. त्या रात्री आम्ही दोघंही जागेच होतो. त्यामुळे मी त्याची वकिली करतेय असं समजू नका. मला जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवतेय.

आम्ही राहतो त्याच फेल्टममध्ये ग्लॅडस्टन अव्हेन्यू नावाचा साधा रस्ता आहे. तिथल्या एका घरावर २०१६ मध्ये निळी गोल पाटी लागली. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी त्या घरात राहायचा. त्याचं खरं नाव फारोख बुल्सारा, पारशी, जन्म झांझिबारचा, साल १९४६. म्हणजे बाबा, तुमच्याच वयाचा. तुम्ही वाईत शाळेत जात होता तेव्हा हा पसरणीचा घाट चढून गेलं की लागणाऱ्या पाचगणीत, सेंट पीटर्सच्या वसतिगृहात होता. आईवडील समुद्रापार. तिथेच तो पियानो शिकला आणि चार मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड काढला. तुमच्या डोक्यावरच्या डोंगरात हे चाललं होतं, हे मनात आलं की मला फार गंमत वाटते.

१९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि हे कुटुंब जीव मुठीत धरून इथे आलं. वडील तिथे सरकारी कचेरीत रोखपाल होते, इथे सगळं पहिल्यापासून. अशा घरातला मुलगा ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला. मग केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले, हीथ्रो विमानतळावर सामान उचललं, एकामागून एक बँड बदलले. १९७० मध्ये क्वीन उभा राहिला, पहिली तबकडी १९७३ मध्ये आली आणि जगभर नाव झालं १९७५ च्या अखेरीला. मधल्या काळात गाणी गाजत होती तरी हातात बेताचा पगारच पडायचा. करार कसे लिहिलेत ते न बघता सह्या केल्या की असं होतं. थोरल्याला मी हे दोनदा ऐकवलं. कलाकार उपाशी राहतो तो बऱ्याचदा कागद न वाचल्यामुळे, असं माझं मत झालंय.

पण तुम्हाला सांगायचंय ते त्या बँडच्या गिटारवादकाबद्दल, ब्रायन मे याच्याबद्दल. हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. इम्पीरियल कॉलेजात ग्रहांच्या मधल्या धुळीवर पीएच.डी. करत होता आणि पोटासाठी शाळेत गणित शिकवत होता. त्याची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून घरात बनवली. १९६३ मध्ये सुरुवात केली, दोन वर्षं खपले. दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्यांच्या बटणांच्या. तीच गिटार तो आजही वाजवतो. आणि ज्या बापाने मुलाबरोबर रंधा मारला, त्याच बापाला मुलाने १९७४ मध्ये पीएच.डी. अर्धी टाकल्यावर इतकं लागलं की बराच काळ दोघांचं धड बोलणं नव्हतं. पुढे मुलाने त्यांना न्यूयॉर्कला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमाला नेलं, तेव्हा कुठे त्यांची समजूत पटली. मुलाने ती पीएच.डी. पुरी केली २००७ मध्ये, साठीला पोचल्यावर.

हे वाचताना मला त्या अबोल्याचंच वाईट वाटत राहिलं. गिटार दोघांची होती, आणि ती वाजायला लागली तेव्हाच घरात शब्द नव्हता.

बाबा, तुम्हीच मला लहानपणी डॉ. लागूंबद्दल सांगायचात. ‘आपल्या साताऱ्यात जन्मलेला माणूस’ म्हणताना तुमचा आवाज बदलायचा. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात आणि पुढे टांझानियात डॉक्टरकी केलेले, आणि १९६९ मध्ये चाळिशी उलटल्यावर ती चालती डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं, मग सिनेमे. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते दवाखाना आणि हौशी रंगभूमी दोन्ही सांभाळत होते. एका सकाळी उठून उडी मारली नव्हती. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते, तेही काम करता करताच नाटकात वाढले. ह्या माणसांचं तुम्हाला केवढं कौतुक! त्यातलं थोडं नातवासाठी ठेवा, एवढंच मागणं आहे.

आम्ही घरात काय ठरवलं ते सांगते. शेवटचं वर्ष तो पूर्ण करणार. वाद झाला, दारं आपटली गेली, पण कबूल झाला. परीक्षा झाली की दोन वर्षं आमच्याकडेच राहील. भाडं घेणार नाही, पण किराणा निम्मा त्याचा आणि रात्रीची भांडी पूर्ण त्याची. ह्या काळात वाजवेल, ऑडिशनला जाईल, मिळेल ते काम करेल. दोन वर्षांनी पुन्हा बसून बोलू. दोन वर्षांत कुणी फ्रेडी होत नाही, हे त्यालाही कळतं. पण सकाळी सहाला उठून सराव होतो की नाही, न आवडणारं काम न कुरकुरता होतं की नाही, हे दोन वर्षांत नक्की कळतं.

त्याला इंजिनिअरिंग फुकट जाईल असं वाटत होतं. मग मी त्याला क्वीनच्या जॉन डीकनचं सांगितलं. तो इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. कचऱ्यात सापडलेल्या एका सर्किटच्या तुकड्यापासून त्याने छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि तो त्यांच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत वापरला गेला. हे ऐकल्यापासून पोरगं रोज रात्री टेबलावर तारा पसरून बसलेलं असतं. परवा विचारत होता, ‘आजोबा खरंच रेडिओ दुरुस्त करायचे?’ मी म्हटलं, आख्ख्या आळीचे.

आई, माळ्यावरचा तो लाकडी रेडिओ भंगारवाल्याला देऊ नकोस. त्यातला स्पीकर त्याला हवाय. डिसेंबरात येऊ तेव्हा तो खोलायचा बेत आहे, पण कुठली तार कुठे जाते ते तुम्हालाच माहीत, बाबा. येत्या रविवारी व्हिडिओ कॉल तो स्वतः लावणार आहे, तुमच्या चहाच्या वेळेला. तेवढा रेडिओ खाली काढून पुसून ठेवा, आणि चष्मा जवळ असू द्या.

तुमची,
माई