गोधडीचा मऊपणा विकत आणलेल्या फोममधून येत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत क्विल्टिंगवर, म्हणजे मशीनवर नक्षीदार पांघरुणं शिवण्याच्या कलेवर आलेलं पान वाचलं. फोटो सुंदर होते, ती शिवणाऱ्या बायकांची मेहनतही दिसते, पण आपल्या गोधडीचीच ही सुधारलेली आवृत्ती असा जो सूर त्यात होता तो मला अजिबात पटला नाही म्हणून हे लिहितेय.

गोधडी मऊ का असते हे आधी बघा ना. नऊवारी लुगडं, धोतर, सुती साड्या वर्षानुवर्षं धुवून धुवून कापड विरत आलेलं असतं, कांजीचा अंशही उरलेला नसतो, मग अख्खं लुगडं खाली अंथरून त्यावर फाटक्या तुकड्यांचे थर लावायचे, वरून दुसरं लुगडं, कडा दुमडायच्या आणि काठापासून आत आत येत धावदोरा घालायचा. हाताच्या टाक्याला एकच दोरा, तो खालीवर जातो, त्यामुळे थरांना जरा हलायला जागा राहते. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, वरचा आणि बॉबिनचा, तो कापड आवळून धरतो, आणि वेलबुट्टी काढायची म्हणून अर्ध्या अर्ध्या इंचावर शिवण मारली की कापड कडक होणारच. त्यात नवं कापड आणि आत पॉलिएस्टरचं वॅडिंग, म्हणजे फोमसारखा विकतचा भराव! भिंतीवर लावायला उत्तम, खरंच कला आहे ती, पण मे महिन्यात विदर्भात कुणी अंगावर घेऊन दाखवा, पॉलिएस्टर घाम शोषतच नाही.

आणि हीच वस्तू बेबी गोधडी म्हणून बाळंतविड्यात द्यायला लागलेत लोक, याचं मला फार वाईट वाटतं. तान्ह्या बाळाला जुन्या सुती साडीचं दुपटं का देतात, तर ते टोचत नाही, ओलं लगेच शोषतं आणि उन्हात पटकन वाळतं.

नक्षीला माझा विरोध नाही हं. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी बघा, रंगीत ठिगळं, कोपऱ्यांवर घडी घालून केलेली कापडी फुलं, बघतच राहावं अशी, पण तीही जुन्या कपड्यांची आणि हाताने शिवलेली, म्हणून पांघरायला छान.

खरी अडचण वेगळीच आहे, जुनं सुती कापडच घरातून संपत चाललंय. रोजच्या वापरात सिंथेटिक साड्या आणि गाऊन आले, त्यांच्या गोधड्या नीट होत नाहीत, सुई धड जात नाही आणि थर सरकतात. ज्यांच्याकडे आजीची लुगडी पडून आहेत त्यांनी ती भांडीवालीला देऊ नका प्लीज, आपल्या भागात गोधड्या शिवून देणाऱ्या बायका असतात त्यांना द्या, आणि मजुरीत घासाघीस तर अजिबात करू नका, प्रदर्शनात मशीनच्या क्विल्टला हजारो रुपये मोजणारे लोक त्या बाईशी पन्नास रुपयांवरून वाद घालताना मी स्वतः पाहिलेत!

प्रदर्शनं भरवणाऱ्यांना एवढीच विनंती की प्रत्येक गोधडीला लेबल लावा, कापड कुठलं, आत काय भरलंय, शिवण हाताची की मशीनची. आणि तुम्हाला विनंती, पुढच्या पुरवणीत या हाताने शिवणाऱ्या बायकांचंही एक पान काढा, त्यांच्या मजुरीच्या दरासकट.

आपली,
एक वाचक, सातारा