सोनूस, हाँगकाँगला उतरायच्या आधी

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद. काल फोन तू ठेवलास का रेंज गेली ते मी विचारणार नाही. आई म्हणते रेंज गेली. "बाबा, मी काय शाळेच्या सहलीला आलीय का" एवढं म्हणून झाल्यावर बरोबर रेंज गेली, असूदे. फोनवर माझा आवाज चढतो म्हणून टाईप करतोय, जहाजाच्या बेकरीतली ड्युटी संपली की सावकाश वाच. आणि जहाज सुटायच्या वेळेबद्दल मी या पत्रात एक शब्द काढणार नाही.

तर हाँगकाँग. दिवाळी झाल्यापासनं मी यूट्यूबवर तेच बघत बसतोय, दादा म्हणतो बाबांना आता तिथं गाईडचं लायसन मिळेल. तुमचं जहाज काई टाकला लागणार म्हणालीस ना, ती जागा म्हणजे जुन्या विमानतळाची धावपट्टी, समुद्रात लांबच्या लांब गेलेली. विमानतळ १९९८ ला बंद झाला आणि क्रूझ टर्मिनल २०१३ ला सुरू झालं. पूर्वी विमानं बिल्डिंगांच्या पार डोक्यावरनं वळून उतरायची, व्हिडिओ बघताना मीच खुर्चीत पाय वर घेतले. पण मुद्दा काय, टर्मिनल त्या पट्टीच्या टोकाला, मेट्रो स्टेशन तिथनं लांब, आणि जहाजातनं एकदम हजारो माणसं उतरली की टॅक्सीला ही मोठी रांग. जायला जेवढा वेळ तेवढाच यायलाही धर. एवढंच.

स्टार फेरीत मात्र बसच. चिम शा चुईवरनं खाडीपलीकडं सेंट्रलला जाते, तिकीट स्वस्त. त्या बोटीला पुढचं मागचं असं काही नाही, दोन्हीकडनं चालते, म्हणून लाकडी बाकाची पाठ नुसती इकडची तिकडं ढकलायची आणि तोंड फिरवून बसायचं. आमच्या एस.टी.ला असलं काही असतं तर स्टँडमधे मागं उभं राहून शिट्ट्या मारायचा माझा त्रास वाचला असता. आणि ही फेरी सर्व्हिस कुणी सुरू केली माहितीय का, दोराबजी नौरोजी मिठाईवाला, मुंबईहून गेलेला पारशी! १८८८ ची गोष्ट. बेकरी होती त्याची तिथं, हॉटेल होतं. म्हणजे तुझ्याच लायनीतला माणूस. तिथंच चिम शा चुईत मोदी रोड पण आहे, तोही आपल्या मुंबईच्याच एका पारशाच्या नावाचा, होरमसजी मोदी, हाँगकाँगच्या विद्यापीठाला त्यानं मोठी देणगी दिली. हे मी डेपोच्या कट्ट्यावर सांगितलं तर सगळे म्हणाले, मग सोनूच्या नावाचा रोड कधी. हसण्यावारी नेलं मी, पण घरी येऊन आईला दोनदा सांगितलं.

पलीकडं उतरलीस की ट्राम. दोन मजली, १९०४ पासनं चालू आहे. वरच्या मजल्यावर पुढची सीट धर. मागनं चढायचं आणि उतरताना पुढच्या दारात पैसे टाकायचे, कंडक्टरच नाही! आपल्या तासगाव गाडीला असं करून बघा म्हणावं. डोंगरावर मात्र जाऊ नको, ती पीक ट्राम चांगली असेल, पण रांगेतच निम्मा दिवस जातो म्हणतात, आणि मग खाली येऊन फेरी, फेरीतनं उतरून टॅक्सी, टॅक्सीला परत रांग. चिम शा चुईला धक्क्याजवळ जुन्या रेल्वे स्टेशनचा घड्याळाचा मनोरा तेवढा उरलाय, ४४ मीटर उंच. तिथं फोटो काढ. आणि काढता काढता वर बघ किती वाजले ते.

झालं, आलोच मी त्याच्यावर.

तू हसत हसत सांगितलंस ना, की ओकिनावाहून येताना घड्याळ तासभर मागं घ्यायचं असतं, कधी जहाजाचं टाईम वेगळं आणि गावाचं वेगळं राहतं, आणि मागं एका बंदरात कुणीतरी धक्क्यावरनं पळत आलं तोवर शिडी काढली होती आणि वरनं सगळे टाळ्या वाजवत होते. सोनू, मला नाही हसू आलं. मोबाईल आपोआप तिथली वेळ दाखवणार, जहाजाचं घड्याळ जपानवरच राहिलं असेल तर तुझ्या मोबाईलचे साडेतीन म्हणजे जहाजाचे साडेचार, आणि साडेचारला तुला आत हजर व्हायचंय. उतरताना शिडीपाशी लिहिलेली वेळ वाच, हाताला घड्याळ बांध, ते जहाजाच्या टायमाला लाव आणि मग त्याला हात लावू नको. त्यात तू रात्रभर भट्टीपुढं उभी असणार, पहाटे सुटणार आणि न झोपता उतरणार. फेरीत गार वारं लागलं की डोळा लागतोच. पासपोर्ट जहाजाच्या ऑफिसात, तुझ्याजवळ जहाजाचं ओळखीचं कार्ड तेवढं. आपण सांगलीची माणसं, आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारत लहानाची मोठी झालो, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, वेळेआधी हलायचं हे तुला मी काय सांगू. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं तरी तात्या इथवर येत नाही म्हणत बसला, आणि मग बोटीतनं कसा आणला ते तू बघितलंयस.

परत लेक्चर झालं. सॉरी. तू मोठी झालीस, तीन हजार माणसांचा सकाळचा ब्रेड तुझ्या हातचा असतो, मला कळतं ते.

पण तुला कराड स्टँड आठवत नसणार. पुण्याची गाडी होती, माझी ड्युटी, तुला आक्काकडं सोडायचं म्हणून पुढच्या सीटवर बसवलेली. दहा मिनटं थांबा. मी वेबिल भरून आलो तर सीट रिकामी. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, पॅसेंजर ओरडतायत, आणि तू रसवंतीपुढं उभी, त्या चाकाला घुंगरं बांधलेली होती, ते चाक तुला फिरवायचं होतं आणि तो माणूस बिचारा तुला फिरवू देत होता. एक हात उसाच्या चोथ्यात आणि एक चाकावर. उचलून आणली तर तुझं रडणं चालू, रस प्यायचा राहिला म्हणून. आयुष्यभर मी डबल बेल मारून माणसं मागं टाकली, चहा पीत बसलेली, टायरीआड गेलेली, त्याचं कधी काही वाटलं नाही, गाडीला टाईम असतो. त्या दिवशी मात्र मी दोरीला हात लावला नाही. कारण मी होतो ना तिथं. तुमच्या जहाजावर ती दोरी कुणाच्या हातात आहे ते मला ठाऊक नाही.

असो. जा, फीर, खा. डुकराचं असेल तर विचारून खा, एवढं आईचं. रंकाळ्यावर चप्पल चावली तशी नवी चप्पल घालून जाऊ नको. आक्काचं डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला पुढच्या आठवड्यात ठरलंय, काळजीचं काही नाही, तिला फोटो पाठव, पट्टी काढली की बघेल. दादानं तुझ्या गाडीची बॅटरी काढून ठेवलीय. कारखाने चालू झालेत, रस्त्यावर नुसत्या उसाच्या ट्रॉल्या, विश्रामबागला जायला अर्धा तास लागतो.

हाँगकाँगचे साडेचार म्हणजे आमचे दुपारचे दोन, जहाज जपानच्या टायमावर असलं तर एक. आई त्या वेळी झोपलेली असते, मी जागाच असतो. आत चढलीस की नुसता एक ठिपका टाक, बोलू नको वाटलं तर बोलू नको.

तुझा,
बाबा

ता. क. – तिथल्या पोर्ट एजंटचा, म्हणजे बंदरात तुमच्या जहाजाचं काम बघणाऱ्या माणसाचा, नंबर कागदावर लिहून पर्समधे ठेव, मोबाईलची बॅटरी संपते. आणि तो मलाही पाठव. मी फोन करणार नाही.