पाच दिवस नको, आठ! (आणि माझ्या गुडघ्याचं खरं काय ते)

प्रिय सुमे,

तुझं एक्सेल मिळालं. किलिमांजारो पाच दिवसांत, प्रत्येक दिवसाला वेगळा रंग, वर परत यायच्या फ्लाइटचं ऑप्शनसुद्धा. आधी खूप हसले आणि मग चार दिवस उत्तरच दिलं नाही, तू दोनदा प्रश्नचिन्ह पाठवलंस ते पण पाहिलं, पण जे सांगायचंय ते मेसेजमध्ये मावत नव्हतं गं. म्हणून हे पत्र, निवांत बसून वाच आणि मधेच फोन करू नकोस.

तू मारांगू रूट घेतलायस कारण तिथे तंबू नाहीत, हट्स आहेत, रात्री डोक्यावर पक्कं छप्पर. मान्य, मलाही पावसात तंबूत झोपायची हौस नाहीये. पण तुझ्याच शीटमधले आकडे एकाखाली एक ठेवून बघ: पहिली रात्र 2700 मीटर, दुसरी 3700, तिसरी 4700, आणि त्याच मध्यरात्री उठून 5895. रोज हजार मीटर! 3000च्या वर गेलं की झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं असं सगळे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात, आणि आपण त्याच्या दुप्पट वेगाने निघालोय. वर हवेत ऑक्सिजन तोच 21 टक्के असतो, दाब कमी होतो, त्यामुळे शिखरावर एका श्वासात खालच्या निम्म्याच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात आणि ते दिवस तुझ्या स्टॅमिनाने भरून निघत नाहीत. तू माझ्यापेक्षा फिट आहेस हे शंभर वेळा कबूल, पण फिट माणसालाही विरळ हवा बाधते, उलट फिट माणूस भराभर चढतो म्हणून जास्तच गोत्यात येतो.

मी लेमोशो म्हणतेय, आठ दिवसांचा. पश्चिमेकडून सुरुवात, पहिली रात्र जंगलात म्टी म्कुब्वाला (म्हणजे मोठं झाड, काय छान नाव आहे!), मग शिराच्या पठारावर दोन रात्री. तिथपर्यंतचा एक टप्पा आठशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे हाही काही साधूसंत रूट नाही, पण खरी मजा त्याच्या पुढे आहे. चौथ्या दिवशी लाव्हा टॉवरला 4600 मीटरच्या वर चढायचं, तिथे डोकं थोडं गरगरू द्यायचं आणि संध्याकाळी खाली बरांकोला 3950ला येऊन झोपायचं. शिरा टू, बरांको आणि पुढचं करांगा, तिन्ही रात्री 3850 ते 4000च्या मधे. दिवसभर चढउतार करूनही झोपायची उंची तीच, म्हणजे कागदावर बघितलं तर आपण तीन दिवस काहीच कमावलं नाही असं वाटतं आणि तुझ्यासारख्या बाईला त्याचाच राग येणार! पण ते तीन दिवस म्हणजेच ट्रेक आहे, बाकी सगळं नुसतं चालणं.

करांगा सोडून थेट बराफूला जाणारे लोक आहेत, एक दिवस वाचतो. आपण नाही वाचवायचा. बराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ, ऐकूनच कळलं ना? 4670 मीटर, तिथे पाणी नाही, पोर्टर बिचारे करांगाच्या खोऱ्यातून वाहून आणतात. आणि तिथून मध्यरात्री निघून बाराशे मीटर चढायचं, बारीक खडीवरून, एक पाऊल पुढे अर्धं मागे, विवराच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटपर्यंत सहा-सात तास आणि मग कडेकडेने उहुरूपर्यंत, म्हणजे खऱ्या शिखरापर्यंत, अजून तासभर. त्याच दिवशी उतरून म्वेका कॅम्पला 3100ला यायचं, म्हणजे 2800 मीटर उतार. तुझ्या शीटमध्ये ट्रेनिंगला नुसतं धावणं लिहिलंयस, त्याऐवजी पाठीवर बॅग घेऊन जिने उतर. चढायला नाही, उतरायला. आणि एक दिवस नाही, लागोपाठ तीन दिवस, म्हणजे दुखऱ्या पायांनी चालणं काय असतं ते कळेल.

आता गुडघ्याचं.

मागच्या ट्रेकला 4800च्या कॅम्पवरून आपण शिखर सोडून परत फिरलो ना, माझा गुडघा गेला म्हणून? सुमे, गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं. आदल्या दुपारपासून माझं डोकं फुटत होतं, जेवण जात नव्हतं, रात्री दोनदा उलटी झाली आणि मी ती बर्फाने झाकली. तू इतकी खुशीत होतीस, मला वाटलं सकाळपर्यंत जाईल. सकाळी बुटाची नाडी बांधताना माझे हात कुठे जातायत तेच मला कळेना, तेव्हा घाबरले आणि तोंडातून गुडघा निघालं. तू एक शब्द न बोलता माझी बॅग उचललीस, तुझं शिखर गेलं, आणि घरी आल्यावर मला नीकॅप पाठवलीस. ती अजून पाकिटातच आहे. दोन वर्षं सांगायचं होतं.

म्हणून यावेळी रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकींना विचारायचं: डोकं, भूक, झोप, चक्कर. खोटं बोलायचं नाही (हे मी माझ्यासाठीच लिहितेय). डोकं दुखतंय तर त्या दिवशी अजून वर झोपायला जायचं नाही. टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालता आलं नाही किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली, रात्र असो, शिखर समोर दिसत असो, आणि दुसरीने वाद घालायचा नाही. गाइड घेणं तिथे सक्तीचंच आहे, तो खाली म्हणाला तर खाली. ते लोक सारखं पोले पोले म्हणतात, म्हणजे हळूहळू, तुला दिवसातून पन्नासदा ऐकावं लागणार आहे. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का ते डॉक्टरांना विचार, पण तुला ती सल्फाची ॲलर्जी झाली होती ना, ते आधी सांग त्यांना. मी घेणार आहे, बोटांना मुंग्या येतात आणि सारखं लघवीला जावं लागतं, थंडीत तंबूची चेन उघडून! तेव्हा तुझ्या हट्सची आठवण काढेन.

बाकीचं पटापट. जानेवारी-फेब्रुवारी धरू, मार्च ते मे पाऊस असतो. पौर्णिमेच्या आसपास गेलो तर शिखराच्या रात्री उजेड मिळेल, गर्दी पण मिळेल, तू ठरव. इन्शुरन्समध्ये 6000 मीटरपर्यंतचं ट्रेकिंग लिहिलेलं हवं, बऱ्याच पॉलिसी त्याच्या खूप खाली थांबतात. पोर्टरकडे द्यायची बॅग 15 किलोच्या आत, आणि ऑपरेटर निवडताना पोर्टरना पगार, जेवण, तंबू नीट देतो का ते विचारायचं, स्वस्तातलं पॅकेज कुणाच्या पाठीवरून स्वस्त होतं ते आपल्याला माहितीये. पाण्याच्या पिशवीची नळी वर गोठते, साधी रुंद तोंडाची बाटली घे आणि बॅगेत उलटी ठेव, बर्फ वरच्या बाजूने धरतो. फोन स्लीपिंग बॅगमध्ये. शूज आत्ताच घे आणि घरात घालून फिर.

आणि हो, किलिमांजारोच्या शिखरावर सगळ्यात आधी पोचलेला जर्मन हान्स मायर 1889मध्ये वर पोचला तो तिसऱ्या खेपेला. 1887ला बर्फाने अडवला, 1888ला बंडाच्या धामधुमीत पकडलाच गेला, मग पुर्टशेलर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाला सोबत घेऊन आला आणि या वेळी वाटेत वेगवेगळ्या उंचीवर खाण्याचे साठे ठेवून कॅम्प लावले, म्हणजे दरवेळी पार पायथ्यापर्यंत उतरायला नको. आपली तर दुसरीच खेप आहे.

चिडली असशील तर आधी फोनवर ओरडून घे, मी ऐकून घेईन. मग एक्सेलमध्ये तीन रांगा वाढव.

तुझीच,
नंदी

ता.क. नीकॅप घेऊन येतेय. म्वेकाच्या उतारावर खरंच लागेल.