पुण्याच्या तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेल्या काकांना, त्या वीतभर काळ्या वायरीसाठी

काका, नमस्कार. त्या दिवशी घाईत तुमचं नावसुद्धा विचारलं नाही मी. तुमचा मुलगा काउंटरवर फोन घेऊन बसलेला असतो, तो तुम्हाला वाचून दाखवेल या आशेवर हे लिहितोय.

डिप्लोमाचा शेवटचा प्रोजेक्ट, रोबोटिक आर्म. खांद्याला आणि कोपराला मोठ्या एमजी ९९६ आर मोटरी, मनगटाला आणि पंजाला छोट्या एसजी ९०, चारही मोटरी आर्डुइनोच्या, म्हणजे त्यांना सिग्नल देणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, ५ व्होल्टवर आणि आर्डुइनो लॅपटॉपच्या यूएसबीवर. आर्म वर उचलायला गेलं की सगळं थरथरायचं आणि बोर्ड रिसेट व्हायचा. लॅबमधे विचारलं तर एकच उत्तर, कोड चेक कर. कोड बरोबर होता हो काका, रात्र रात्र बसून तपासला होता! पार्ट जिथून घेतले त्यांनी सांगितलं १२ व्होल्टचा अडॅप्टर लाव, लावला, बोर्डावरच्या रेग्युलेटरला, म्हणजे व्होल्टेज कमी करणाऱ्या भागाला, बोट लावलं तर चटका बसला आणि थोड्या वेळात बोर्ड गेला. दुसरा बोर्ड एका सीनियरच्या सांगण्यावरून ६ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या पिनला देऊन घालवला. बोर्डावरची मुख्य चिप ५.५ व्होल्टपर्यंतच चालवायची असते, हे सांगणाऱ्याने कधी वाचलंच नव्हतं, आणि वर मलाच ऐकवलं की तुझं बेसिकच कच्चं आहे. त्या बोर्डाचे पैसे आईने किराण्याच्या डब्यातून काढून दिले होते, ते मला अजून खातंय.

तुमच्याकडे आलो तेव्हा सबमिशनला चार दिवस होते आणि हातात मित्राचा उसना बोर्ड. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत, मीटर लावलात आणि म्हणालात, "आता आर्म हाताने अडव." अडवला तर मीटरचा आकडा चार व्होल्टच्याही खाली आला. "बघितलंस? उपाशी आहे तो. अडकल्यावर मोठी मोटर एकटी अडीच अँपिअरपर्यंत मागते आणि तू यूएसबीतून अर्धा अँपिअर देतोयस." एवढं एक वाक्य मला दोन महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं वेगळा सप्लायही लावून बघितला होता, तेव्हा मोटरी वेड्यासारख्या फिरल्या म्हणून नाद सोडला. तुम्ही विचारलंत, ग्राउंड जोडलं होतंस का? मी गप्प. मग तुम्ही सांगितलंत, एकाने गच्चीवर उभं राहून उंची मोजली आणि दुसऱ्याने रस्त्यावर, तर दोघांचं जमेल का, जमीन एकच पाहिजे ना, ग्राउंड म्हणजे जमीनच की. काका, सिग्नलचा व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचा हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण समजलं त्या क्षणाला.

आणि मग तुम्ही रिळातून वीतभर काळी वायर कापलीत, दोन्ही टोकं सोललीत आणि माझ्या हातात दिलीत. स्वतः जोडली नाही. सप्लायच्या मायनसपासून आर्डुइनोच्या ग्राउंडपर्यंत ती मी जोडली, माझे हात थरथरत होते आणि तुम्ही एक अक्षर न बोलता थांबलात, बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी असताना. तुमचं बोट सप्लायच्या बटणावर होतं आणि तुम्ही मला विचारलंत, "करू चालू?" दोन बोर्ड जाळलेल्या पोराला विचारलंत! मी हो म्हटल्यावरच दाबलंत.

आर्म सरळ वर गेला. थरथर नाही, काही नाही.

५ व्होल्ट १० अँपिअरचा जुना एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, तुम्ही अर्ध्या किमतीत दिलात, कपॅसिटरचा पट्ट्याकडचा पाय मायनसकडेच ठेव, उलटा लावलास तर फुटेल हे दोनदा बजावलंत, आणि वायरीचे पैसे विचारले तर हात हलवलात नुसता. माहिती असलेली माणसं खूप भेटली मला, पण समोरच्याला लहान न करता ती देणारी फार थोडी. अशी माणसं दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेली असतात म्हणून आमच्यासारखी पोरं शिकतात, हे मी मनापासून सांगतोय.

प्रोजेक्ट पास झाला काका. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, ही काळी वायर कशाला, आणि मी गच्ची आणि रस्ता सांगितला.

शनिवारी ज्युनियरची दोन पोरं घेऊन येतोय, त्यांचाही आर्म थरथरतोय. काळी वायर मी घेऊन येईन, सप्लायच्या बटणावर बोट मात्र तुमचंच पाहिजे.