एचएलए जुळलं म्हणजे सगळं झालं असं नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

स्टेम सेल डोनरवरची बातमी वाचली, चांगली होती, पण एचएलए (पेशींवरची ओळख पटवणारी प्रथिनं) पेशंट आणि डोनरचं जुळलं की काम झालं हा सूर जरा घाईचा वाटला. एचएलएची जीन्स ६ नंबरच्या क्रोमोसोमवर असतात, सख्ख्या भावंडात ती पूर्ण जुळायचा चान्स चारात एक, इथपर्यंत ठीक. पण डोनरच्या एनके सेल्सवर (परक्या किंवा बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) समोरच्या पेशीचं एचएलए ओळखणारे केआयआर नावाचे रिसेप्टर असतात आणि त्यांची जीन्स १९ नंबरवर, म्हणजे वाटणीच वेगळी, त्यामुळे एचएलएच्या दहापैकी दहा खुणा जुळलेल्या बहीणभावाचंही केआयआर वेगळं निघू शकतं. या एनके पेशी म्हणजे सोसायटीचा खडूस वॉचमन, ओळखीचं एचएलए दिसलं नाही की हल्ला, आणि कधीकधी तेच पथ्यावर पडतं कारण उरलासुरला ल्युकेमियाही (रक्ताचा कॅन्सर) त्यात मरतो. इटलीतल्या पेरुजियाच्या टीमने २००२ मध्ये अर्धवट जुळणाऱ्या डोनरच्या ट्रान्सप्लांटमध्ये एएमएल या ल्युकेमियाच्या पेशंटना हा फायदा दाखवला, मोठ्यांच्या एएलएल या दुसऱ्या प्रकारात मात्र दिसला नाही. पुढे सगळ्या सेंटरचे रिझल्ट काही सारखे आले नाहीत, तेव्हा लगेच केआयआर टेस्टच्या मागे लागा असं मी म्हणत नाही. पण दोन-तीन डोनर सारखेच जुळत असतील तर वय, सीएमव्ही या विषाणूची लागण यांच्यासोबत हेही डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?

– एक वाचक, पुणे