वायपरला बटणच हवे

महोदय,

नव्या मोटारींतील मोठ्या टचस्क्रीनचे स्वागत करणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. नकाशा बोटांनी मोठा करणे, देवनागरीत पत्ता शोधणे ही सोय बटणांनी दिली नसती, हे मान्य. पण वायपर, काचेवरचे धुके घालवणारा पंखा आणि धोक्याचे दिवे पडद्याआड ढकलण्याला माझा ठाम विरोध आहे.

बटण न पाहता चाचपडून सापडते. गुळगुळीत काचेकडे मात्र पाहावेच लागते, आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावरून हटते. जुलैच्या पावसात चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना तो क्षण जीवघेणा ठरू शकतो. शिवाय हे पडदे बोटाच्या विद्युतवाहकतेवर चालतात. पाण्याचे थेंब पडले की त्यांना स्पर्श नीट कळत नाही. दुचाकीवर रेनकोट घालून मोबाईल हाताळणाऱ्या गोंयकाराला हे वेगळे सांगायला नको.

२०१७ साली सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ या अमेरिकी युद्धनौकेची तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन १० नौसैनिकांचा मृत्यू झाला. सुकाणू व वेग यांच्या टचस्क्रीन नियंत्रणांतील गोंधळ चौकशीत पुढे आला. त्यानंतर नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा यांत्रिक दांडे बसवण्याचे ठरवले. युरो एनकॅप ही वाहन सुरक्षा चाचणी संस्थाही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना प्रत्यक्ष बटणे किंवा दांडे आहेत का, हे गुण देताना पाहते. भारत एनकॅपने आपल्या पावसाळ्याचा विचार करून हा निकष लावावा आणि त्यात काचेवरचे धुके घालवणाऱ्या पंख्याचाही समावेश करावा.

– एक वाचक, वाळपई